‘चाळशी’ : एका दृष्टिदोषवाचक शब्दाचा अर्थ व उगम

मराठीत अंधुक दिसण्यासंबंधीचे शब्द पुष्कळ आहेत. परंतु त्यांचा अर्थदृष्ट्या एकत्रित विचार फारसा झालेला नाही. प्रस्तुत लेखात त्यांपैकी ‘चाळशी’ अथवा ‘चाळिशी’ ह्या एकाच शब्दाचा परामर्श घ्यावयाचा आहे. हा शब्द दिसावयास साधा, घरगुती व काहीसा विनोदी वाटतो. पण त्याची घडण, त्याच्या अर्थात झालेली स्थित्यंतरे आणि शेजारच्या भाषांतील त्याचे सोयरे पाहू लागले म्हणजे मराठीच्या ध्वनिनियमांपासून ते परिभाषेच्या प्रश्नापर्यंत अनेक विषयांना तो स्पर्श करतो, असे दिसून येते.

ह्या शब्दाचा विचार ठाणे, भिवंडी, कल्याण व डोंबिवली ह्या पट्ट्यात बसून करणे विशेष सोयीचे आहे. मुंबईहून ठाण्यापर्यंत १८५३ साली व कल्याणपर्यंत १८५४ साली आगगाडी आली, आणि तेव्हापासून निरनिराळ्या भाषा बोलणारी कुटुंबे ह्या भागात वस्तीस येत राहिली. आज डोंबिवलीच्या एखाद्या चाळीत वा इमारतीत मराठी, गुजराती, कानडी व तमिळ घरे एकमेकांना लागून असतात. भिवंडीच्या यंत्रमागांवर तेलुगू विणकरांची मोठी वस्ती आहे. पुढे ज्या भाषांतील शब्दांची तुलना केली आहे, त्यांतील बहुतेक भाषा तासाभराच्या प्रवासात प्रत्यक्ष ऐकावयास मिळतात. अभ्यासकाला याहून अधिक सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल.

१. दृष्टिमांद्यवाचक शब्दांचे तीन वर्ग

मराठीतील ह्या शब्दांचे नामकरणाच्या तत्त्वानुसार तीन वर्ग पाडता येतात. पहिल्या वर्गात दिसण्याचे स्वरूप सांगणारे शब्द येतात. ‘अंधुक’ हा ‘अंध’पासून आलेला व ‘धूसर’ हा मुळात धुळीच्या रंगाचा वाचक शब्द ह्या वर्गातील होत. ते पाहणाऱ्याचा अनुभव सांगतात. त्या अनुभवाचे कारण सांगत नाहीत.

दुसऱ्या वर्गातील शब्द डोळ्यात काहीतरी आले आहे अशी कल्पना करतात. ‘पडळ’, ‘फूल’, ‘वडस’, ‘मोतीबिंदू’ व ‘काचबिंदू’ हे शब्द ह्या वर्गात मोडतात. ‘पडळ’ हा संस्कृत ‘पटल’ शब्दाचा नियमित अपभ्रंश असून त्यात स्वरांमधील टकाराचा डकार व लकाराचा ळकार झालेला आहे. ह्या शब्दामागे वैद्यकाची जुनी परंपरा उभी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, सातव्या अध्यायात, दृष्टीच्या पटलांची कल्पना मांडली असून दोष जसजसा आतील पटलात जातो तसतशी दृष्टी अधिकाधिक बिघडते, असे क्रमाने वर्णिले आहे. त्यातील दुसऱ्या पटलाच्या वर्णनात एक लक्षणीय गोष्ट सांगितली आहे : रोग्याने कितीही यत्न केला तरी त्याला सुईचे नेढे दिसत नाही. सुश्रुताला अभिप्रेत असलेला ‘तिमिर’ हा विकार व आपली चाळशी ही एकच होत असे म्हणणे धाडसाचे ठरेल. कारण त्याच वर्णनात माश्या, केस व जाळी दिसण्याचीही लक्षणे आहेत. तथापि जवळच्या दृष्टीची परीक्षा सुईच्या नेढ्यावर घेण्याची रीत किती जुनी आहे, हे त्यावरून कळते. आजही आपल्या घरांतून चाळशीची पहिली वर्दी बहुधा सुईत दोरा ओवतानाच मिळते.

तिसऱ्या वर्गातील शब्द काळावरून आले आहेत. ‘रातांधळेपणा’ हा दिवसाच्या कालविभागावरून, तर ‘चाळशी’ हा आयुष्याच्या कालविभागावरून. दृष्टिदोषाला माणसाच्या वयाचे नाव देणारा प्रचलित शब्द मराठीत हा एकच आहे, आणि त्याचे वेगळेपण त्यातच आहे.

२. घडण

संस्कृत ‘चत्वारिंशत्’ ह्या संख्यावाचकाची पाली व प्राकृत भाषांत ‘चत्तालीस’ अशी रूपे झाली. रकाराचा लकार झाला, अनुनासिक गेले व अंत्य व्यंजन लोपले. संख्यावाचक शब्द बोलण्यात सतत येत असल्यामुळे ते इतर शब्दांपेक्षा अधिक झिजतात. त्या न्यायाने ‘चत्तालीस’चे पुढे ‘चालीस’ झाले. स्वरांमध्ये आलेल्या एकेरी प्राकृत लकाराचा मराठीत ळकार होतो, म्हणून ‘चाळीस’.

येथे गुजरातीशी एक तुलना उद्बोधक आहे. आपण बेचाळीस म्हणतो, गुजराती माणूस ‘बेताळीस’ म्हणतो. मूळ ‘चत्तालीस’ शब्दातील आरंभीचा चकार मराठीने सामासिक संख्यांतही राखला, तर गुजरातीने (आणि काही संख्यांत हिंदीनेही) तेथे मधला तकार राखला. एकाच जुन्या शब्दाचे दोन तुकडे दोन शेजाऱ्यांनी वाटून घ्यावे, तसा हा प्रकार आहे. गुजरातीतील ज्या शब्दाचा पुढे उल्लेख यावयाचा आहे तो ह्या दुसऱ्या तुकड्यापासून बनलेला असल्यामुळे ही गोष्ट येथेच ध्यानात ठेवावी.

‘चाळीस’ शब्दाला स्त्रीलिंगी ‘ई’ प्रत्यय लागून ‘चाळिशी’ होते. हा प्रत्यय संस्कृत ‘इका’पासून आलेला असून तो संख्येला लागला म्हणजे त्या संख्येचा समूह किंवा वयाचा तो टप्पा असा अर्थ होतो. ‘विशी’, ‘तिशी’, ‘पन्नाशी’, ‘साठी’, ‘सत्तरी’ हे वयवाचक शब्द आणि ‘बत्तिशी’, ‘पंचविशी’ हे समूहवाचक शब्द त्याच साच्यातील आहेत. प्रत्यय लागताच सकाराचा शकार होतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. वीस पण विशी, तीस पण तिशी, पन्नास पण पन्नाशी. इकार, ईकार व एकार यांच्यापूर्वीचा दंत्य सकार मराठीत तालव्य होतो; ‘शिवणे’ व ‘शेत’ ह्या शब्दांतील आरंभीचा शकार ह्याच नियमाने सिद्ध होतो. झूल ब्लोख यांच्या मराठीविषयीच्या फ्रेंच ग्रंथात (प्रकाशन १९२०, वासुदेव गोपाळ परांजपे यांचे मराठी भाषांतर १९४१) ह्या ध्वनिव्यवस्थेचे सविस्तर विवेचन आहे. सारांश, ‘चाळिशी’तील शकार हा अपवाद नसून ती मराठीपणाची खूण आहे.

राहिले ‘चाळशी’ हे रूप. मराठीत शब्द वाढला म्हणजे मधला ऱ्हस्व झालेला स्वर दुबळा होऊन त्याच्या जागी अकार येतो. हरीण–हरणाला, तारीख–तारखेला, खारीक–खारकेला ही उदाहरणे परिचित आहेत. त्याच प्रवृत्तीने ‘चाळिशी’चे ‘चाळशी’ झाले. पुढे ह्या दोन रूपांनी अर्थाचीही काहीशी वाटणी करून घेतली. वयासाठी आपण सहसा ‘चाळिशी’च म्हणतो, ‘तो चाळशीचा झाला’ असे कोणी म्हणत नाही. दोष व चष्मा ह्या अर्थी मात्र दोन्ही रूपे चालतात, आणि बोलण्यात ‘चाळशी’चा कल अधिक दिसतो. एका शब्दाचे दोन उच्चार झाले म्हणजे भाषा बहुधा त्यांना निरनिराळ्या कामास लावते, ह्याचे हे एक चांगले उदाहरण होय.

३. अर्थाची तीन स्थित्यंतरे

ह्या शब्दाचे तीन अर्थ आहेत : (१) चाळीस वर्षांचे वय, (२) त्या वयाच्या सुमारास येणारा जवळचे नीट न दिसण्याचा दोष, आणि (३) त्या दोषावर लावावयाचा चष्मा. वयावरून विकार व विकारावरून उपाय, असा हा प्रवास आहे. अलंकारशास्त्राच्या भाषेत ही लक्षणेची दोन पावले होत. परंतु ‘लक्षणा’ म्हणून सोडून दिल्याने ही पावले कशी पडली हे समजत नाही. त्यासाठी शब्दाबरोबर येणाऱ्या क्रियापदांकडे पाहिले पाहिजे.

चाळिशी ‘गाठली’ वा ‘ओलांडली’ म्हटले म्हणजे केवळ वय. चाळशी ‘आली’ म्हटले म्हणजे दोष. चाळशी ‘पुसली’, ‘फुटली’, ‘विसरली’ म्हटले म्हणजे वस्तू. ह्या तिन्ही ठिकाणी संदेह उरत नाही. पण चाळशी ‘लागली’ ह्या प्रयोगात मात्र दोन अर्थ एकत्र नांदतात. ‘लागणे’ हे क्रियापद ‘जडणे’ ह्या अर्थी घेतले तर दोष जडला असा अर्थ होतो; ‘आवश्यक होणे’ ह्या अर्थी घेतले तर चष्म्याची गरज पडली असा होतो. बोलणाऱ्याच्या मनात पहिला अर्थ असून ऐकणाऱ्याने दुसरा घेतला तरी व्यवहारात काहीच अडत नाही, कारण दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. अर्थ बदलतो तो अशाच ठिकाणी. आणि ‘लागणे’ ह्याचे प्रयोजक रूप ‘लावणे’ मराठीत सिद्धच असल्यामुळे ‘चाळशी लागली’पासून ‘चाळशी लावली’पर्यंत जावयास एकच पाऊल पुरे होते. ते पडले की शब्द वस्तुवाचक झाला.

ह्याच्या नेमका उलट प्रवास ‘चष्मा’ ह्या शब्दाने केला आहे. ‘चश्म’ म्हणजे डोळा ह्या फारसी शब्दाशी संबंधित असलेला हा शब्द आपल्याकडे प्रथमपासून वस्तुवाचक आहे. परंतु ‘मुलीला पाचवीतच चष्मा लागला’ असे आपण म्हणतो, तेव्हा मुलीची दृष्टी अधू झाली हेच सांगावयाचे असते. येथे उपायाच्या नावाने विकार ओळखला जातो. एका शब्दाने विकारावरून वस्तूकडे जावे व दुसऱ्याने वस्तूवरून विकाराकडे यावे, आणि दोघांचाही पूल ‘लागणे’ हे एकच क्रियापद असावे, हा योगायोग नव्हे. त्या क्रियापदाच्या द्व्यर्थी स्वभावाचाच तो परिणाम आहे. अलीकडे रूढ झालेला ‘नंबर लागला’ हा प्रयोगही त्याच पुलावरून गेला आहे. तेथील ‘नंबर’ म्हणजे भिंगाची शक्ती. तिचे डायॉप्टर हे एकक मोन्वाये ह्या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने १८७२ साली सुचविले. म्हणजे नव्या शब्दानेही दोषाला आकड्याचेच नाव दिले. फरक इतकाच की जुना आकडा माणसाच्या आयुष्याचा होता व नवा काचेचा आहे.

तिसरा अर्थ चष्मा ह्या देशी आल्यानंतरचा असणार, हे उघड आहे. युरोपात चष्म्याचा शोध इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस लागला. भारतातील १५०० ते १८०० ह्या काळातील चष्म्याच्या इतिहासावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी परिश्रमपूर्वक साधने गोळा केली. विजयनगरच्या व्यासरायांच्या चरित्रकाव्यात ते उपनेत्राच्या साहाय्याने पोथी वाचीत असल्याचा उल्लेख येतो, तो सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील म्हणून महत्त्वाचा मानला जातो. मराठीत मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीपर्यंत ‘चाळशी’ हा शब्द चष्मा ह्या अर्थी स्थिरावलेला होता. त्यापुढे छापील अक्षराचा प्रसार झाला तशी ह्या वस्तूची गरज वाढली. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली व ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली निघाले; ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे हे ठाण्याच्या संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी होत. बारीक टाइपात छापलेले पुस्तक हाती येईपर्यंत शेतावर वा बाजारात काम करणाऱ्या पुष्कळांना ही उणीव जाणवतही नसेल. दोष जुना, पण त्याची जाणीव वाचनाने वाढविली.

४. चाळीसच का?

शब्दाने सांगितलेला आकडा खरा आहे काय, हा प्रश्न भाषाशास्त्राचा नसला तरी अर्थनिश्चितीसाठी तो विचारणे अवश्य आहे. जवळची वस्तू पाहताना डोळ्यातील भिंग अधिक फुगीर होते व त्यामुळे प्रतिमा दृष्टिपटलावर स्पष्ट पडते. ही क्रिया हेल्महोल्ट्स यांनी १८५५ साली विशद केली. वयाबरोबर भिंगाची लवचीकता कमी होत जाते. डच शास्त्रज्ञ डाँडर्स यांनी १८६४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या ऱ्हासाचे मोजमाप दिले. त्यांच्या कोष्टकानुसार स्पष्ट दिसण्याचे सर्वांत जवळचे अंतर दहाव्या वर्षी सुमारे ७ सेंटिमीटर, विसाव्या वर्षी १०, तिसाव्या वर्षी १४, चाळिसाव्या वर्षी २२ आणि पन्नासाव्या वर्षी ४० सेंटिमीटर असते.

ह्या आकड्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. दोष चाळिशीत ‘सुरू’ होत नाही. तो बालपणापासून चालूच असतो. आपण पुस्तक सामान्यतः ३० ते ३५ सेंटिमीटर अंतरावर धरतो, आणि भिंगाची सगळी शक्ती सतत खर्चून वाचणे सुखकर नसल्यामुळे काही शक्ती शिल्लक असावी लागते. ती शिल्लक संपते ती चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान. म्हणजे लोकभाषेने ह्या दीर्घ ऱ्हासातील नेमका तो बिंदू टिपला, जेथे वाचणाऱ्याचा हात आखूड पडू लागतो.

५. शेजारच्या भाषांतील सोयरे

गुजरातीत ह्या दोषाला व त्यावरील चष्म्याला ‘बेताळां’ म्हणतात. तेथे आकडा चाळीस नसून बेचाळीस आहे. प्रत्यक्ष अनुभवाशी तो किंचित अधिक जुळतो असेही कोणी म्हणेल. बंगालीत ‘चालशे’ आहे, आणि तो बंगाली चाळीसपासून आला आहे. तेलुगूत ‘चत्वारम्’ आहे. त्यात संस्कृत संख्या जवळजवळ जशीच्या तशी दिसते. कानडीत ‘चाळीसु’ व तमिळमध्ये ‘साळेश्वरम्’ असे शब्द आहेत. तमिळ रूप ऐकून एखाद्या क्षेत्राचे नाव असावे असे वाटते. परका शब्द कानाला ओळखीच्या वळणावर नेण्याची लोकव्युत्पत्तीची प्रवृत्ती त्यात दिसते.

ह्यांपैकी द्राविड भाषांतील शब्द अधिक बोलके आहेत. चाळिसाला कानडीत ‘नलवत्तु’, तेलुगूत ‘नलभै’ व तमिळमध्ये ‘नार्पदु’ म्हणतात. म्हणजे कानडी किंवा तमिळ बोलणाऱ्याला आपल्या शब्दातील आकडा ऐकू येत नाही. त्याच्या लेखी ते केवळ एका दोषाचे नाव आहे. शब्द बाहेरून आला ह्याचा ह्याहून स्पष्ट पुरावा नको. तो कोठून आला? कानडी व तमिळ ह्या दोन्ही रूपांत ळकार आहे. हिंदीत तो नाही. गुजरातीत ळकार असला तरी तेथे आकडा वेगळा आहे. तेव्हा हा शब्द मराठीतून दक्षिणेत गेला असणे संभवनीय दिसते. तंजावरास १६७५ ते १८५५ पर्यंत मराठ्यांचे राज्य होते, आणि कर्नाटकाशी मराठीचा संबंध त्याहूनही निकटचा. तथापि घेणाऱ्या भाषेने स्वतःच लकाराचा ळकार करणे अशक्य नाही. म्हणून ह्या अनुमानाला निर्णयाचे रूप देऊ नये.

मल्याळममध्ये मात्र आकडा नाहीच. तेथे ‘वेळ्ळेऴुत्तु’, म्हणजे ‘पांढरे अक्षर’ असा शब्द आहे. काळे अक्षर फिकट दिसू लागते हा वाचकाचा अनुभवच नाव झाला आहे. युरोपीय परिभाषेतील ‘प्रेस्बायोपिया’ हा शब्द ‘म्हातारा’ व ‘डोळा’ ह्या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनविलेला आहे, व जपानी शब्दाचाही अर्थ ‘म्हातारा डोळा’ असाच होतो. भारतातील अनेक भाषांनी म्हातारपणाचे नाव न घेता नुसते वय सांगितले, हा भेद लहान नाही.

६. परिभाषेचा प्रश्न

येथे अभ्यासकाला एका व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. शास्त्रीय लेखनात ह्या दोषाला काय म्हणावे? हिंदी परिभाषेच्या धर्तीवर ‘जरादूरदृष्टी’ असा संस्कृतोद्भव शब्द सुचविला जातो. त्याच्यावर दोन आक्षेप येतात. एक म्हणजे ‘दूरदृष्टी’ हा शब्द मराठीत पुढचा विचार करण्याच्या गुणाला कायमचा दिलेला आहे; तो दोषाच्या नावात येताच वाचक अडखळतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘जरा’ म्हणजे म्हातारपण. बेचाळीस वर्षांच्या ज्या माणसाला तुटलेला धागा सांधता येईनासा झाला आहे, त्याला तुझे म्हातारपण आले असे सांगणे असत्य आहे, आणि ते त्याला चष्म्यापासून दूर ठेवणारेही आहे.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. भिवंडीतील मागावर, डोंबिवलीतील शिवणयंत्रावर, कल्याणमधील सोनाराच्या पेढीवर जवळच्या दृष्टीवरच पोट चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या दृष्टिविषयक अहवालात हा दोष असूनही योग्य चष्मा न मिळालेल्यांची संख्या जगभरात सुमारे ८२ कोटी ६० लाख सांगितली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, आसामातील चाळीस वर्षांवरील चहामळा-कामगारांच्या पाहणीत, जवळचा चष्मा दिलेल्यांची पाने खुडण्याची क्षमता न दिलेल्यांच्या मानाने सुमारे २१.७ टक्क्यांनी अधिक वाढलेली आढळली. उपाय इतका स्वस्त व परिणाम इतका मोठा असताना दोषाचे नाव भिववणारे असू नये. ‘चाळशी’ हे नाव भिववत नाही. ते सांगते की हे सर्वांनाच होते, आणि त्याच श्वासात त्यावरील उपायही सांगते. कारण विकार व उपाय ह्या दोहोंना तेच नाव आहे.

परंतु ह्या गुणातच एक धोका आहे, आणि तो नमूद केल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. जे नाव सर्वांनाच लागू पडते त्याखाली दुसरे काहीही लपू शकते. चाळिशीनंतर दृष्टी मंद झाली की ‘चाळशी असेल’ म्हणून स्वस्थ बसणारे पुष्कळ असतात. काचबिंदूत दृष्टीची बाजूची कक्षा पुष्कळदा वेदनेवाचून आकुंचित होत जाते, व एकदा गेलेली दृष्टी परत मिळत नाही. मधुमेहाने दृष्टिपटलास होणारी हानीही आरंभी अशीच निमूट असते. म्हणून शब्दाचा अर्थ नेमका धरणे अवश्य आहे. पान लांब धरल्याने किंवा साध्या भिंगाने जवळचे अक्षर स्वच्छ होते, आणि दूरचे दिसणे पूर्वीसारखेच राहते, त्या दोषाला चाळशी म्हणावे. ह्या मर्यादेबाहेरचे जे अंधुकपण, ते चाळशी नव्हे. त्याचे नाव नेत्रवैद्याला विचारावे. चाळशीची खूण पटली तरी ह्या वयात डोळे एकदा तपासून घेणे इष्टच, कारण वर सांगितलेले विकार तिच्या जोडीनेही नांदू शकतात.

ठाणे-कल्याणच्या तरुण पिढीच्या तोंडी ‘चाळशी’ची जागा आता ‘नंबर’ व ‘रीडिंग ग्लास’ ह्या शब्दांनी बरीचशी घेतली आहे. शब्दांच्या ह्या घडामोडीबद्दल खेद करण्याचे कारण नाही. मात्र कोशकार व परिभाषाकार यांनी ‘चाळशी’ला ‘ग्राम्य’ वा ‘जुना’ असा शेरा मारून बाजूस सारू नये, इतकेच येथे सुचवावयाचे आहे. ध्वनिनियमाने शुद्ध, अर्थाने नेमका व शरीरशास्त्राच्या मोजमापाशी जुळणारा असा शब्द भाषेत आयता असताना नवा घडविण्याचे प्रयोजन उरत नाही.